शून्य पॉइंट अठरा

२०२३ साली पाऊस उशिरा आला, पण आला तो एकदम. २५ जूनला मुंबई आणि दिल्लीत मोसमी पाऊस एकाच दिवशी पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. याआधी असं घडलं होतं १९६१ मध्ये. त्याच्या पुढच्या रविवारी भाची लॅपटॉप पाठीला लावून, अर्धी भिजून, साताऱ्याला मामांच्या घरी आली. ती कृषिहवामानशास्त्रात एम. एस्सी. करते आणि प्रबंधाचा विषय आहे पावसाचा. जिल्हाही असा निवडलाय, की एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दुसऱ्या टोकाला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास.

मामांची तीस वर्षं आकडेवारीत गेली. आधी फोरट्रान, मग स्प्रेडशीट, आणि २०१३ पासून पायथनमधलं पँडास. निवृत्त झाले तरी दोन संस्थांची वार्षिक तक्ते तपासण्याची कामं अजून त्यांच्याकडे आहेत.

चहा होईपर्यंत भाचीनं काम सांगितलं. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून पावसाचे चौकटवार आकडे मिळतात, १९०१ पासूनचे, रोजचे. पाव अंश अक्षांश गुणिले पाव अंश रेखांश अशी एक चौकट. उभ्या १२९, आडव्या १३५, म्हणजे एका दिवसाच्या १७,४१५. त्यातल्या समुद्रावरच्या आणि देशाबाहेरच्या चौकटी रिकाम्या असतात, पण फायलीत जागा अडवतात. हे सगळं तिला एका नव्या लायब्ररीत चालवायचं होतं. लायब्ररीचं नाव पोलर्स, आवृत्ती ०.१८.

“शून्य पॉइंट?” मामांनी कप खाली ठेवला. “प्रबंध आहे ना तुझा? मग ज्याचे कर्तेच अजून ‘एक’ म्हणायला तयार नाहीत, त्याच्यावर कसा उभा करतेस?”

“मामा, तू पँडास कधी घेतलंस?”

“२०१३ ला. शून्य पॉइंट बारा.” उत्तर देतानाच प्रश्नाचा रोख त्यांच्या लक्षात आला होता.

पँडासची गोष्ट खरोखरच तशी आहे. वेस मॅकिनी यांनी ते २००८ मध्ये एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत असताना लिहायला घेतलं, २००९ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि त्याची १.० आवृत्ती आली २९ जानेवारी २०२० ला. मधली दहा वर्षं बँका, विद्यापीठं, वृत्तपत्रं, प्रयोगशाळा यांची कामं शून्यानं सुरू होणाऱ्या आवृत्त्यांवरच चालली. भाचीचा मुद्दा एवढाच, की तेव्हा तिच्या मामासारख्यांनी ते वापरलं नसतं, चुका कळवल्या नसत्या, तर ते ‘एक’पर्यंत पोचलंच नसतं.

मामांनी हे नाकारलं नाही. त्यांनी फक्त त्याची किंमत सांगितली. आवृत्त्यांना क्रमांक देण्याचा जो संकेत आज बहुतेक प्रकल्प पाळतात, त्यात पहिला आकडा शून्य असेल तर काहीही, केव्हाही बदलू शकतं असं स्पष्ट म्हटलेलं आहे. पँडास हे नाव ‘पॅनेल डेटा’ या शब्दांवरून आलं. त्यात पॅनेल नावाचीच एक तीन मितींची रचना होती, आणि २०१४ मध्ये मामांनी एक मोठं काम तिच्यावर बांधलं होतं. २०१९ च्या ०.२५ आवृत्तीत पॅनेल काढून टाकलं गेलं. ज्याच्यावरून नाव पडलं तेच गेलं. “आधी दोन वर्षं सूचना देत होते, खरं आहे,” मामा म्हणाले. “पण वर्षातून एकदा उघडायची फाईल असली, की सूचना वाचतो कोण? मार्चमध्ये उघडली तर चालेना. आठ दिवस गेले.”

“आणि ‘एक’ झाल्यावर बदल थांबले का? ओळ जोडायची ती अपेंड, सगळ्या शिकवण्यांमध्ये असायची. या एप्रिलमध्ये पँडास २.० आलं आणि ती गेली.”

“म्हणूनच सांगतोय. पक्क्या घरात एवढी डागडुजी, तर कच्च्यात किती?”

भाचीनं वही पुढे ओढली आणि गुणाकार मांडला. १९०१ ते २०२२ ही १२२ वर्षं, ४४,५६० दिवस. गुणिले १७,४१५ चौकटी. सुमारे ७७ कोटी ६० लाख ओळी. तारीख, अक्षांश, रेखांश आणि पाऊस असे चार रकाने, प्रत्येक आकड्याला आठ बाइट धरले तर जवळजवळ २५ जीबी. तिच्या लॅपटॉपची मेमरी १६. “पँडास आधी सगळं मेमरीत ओढतं. पोलर्समध्ये मी नुसतं काय हवंय ते लिहिते. ते आधी पूर्ण प्रश्न वाचतं, मग फायलीतले लागतील तेवढेच रकाने आणि लागतील तेवढ्याच ओळी उचलतं.”

“एका वर्षाच्या ओळी किती?”

“साडेत्रेसष्ट लाख.”

“म्हणजे दोनशे एमबी. एकेक वर्ष उघड, साताऱ्याच्या चौकटी काढ, बंद कर. १२२ फेऱ्या. रात्री लावून झोपलीस तरी सकाळी तयार.”

हा हिशेब चूक नव्हता. तिलाही ते पटलं, पण प्रबंधात तिला हीच उत्तरं वीसएक तऱ्हांनी विचारायची होती: सलग कोरडे दिवस, एका दिवसातला सर्वाधिक पाऊस, दर दहा वर्षांचा कल. प्रत्येक प्रश्नाला एक रात्र गेली तर माणूस प्रश्नच कमी विचारतो, असं तिचं म्हणणं पडलं. मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं, बसव. पण माझ्या पद्धतीनं.”

*

बसवताना पहिली अडचण पोलर्सची नव्हतीच. भाचीनं नुकतीच डेबियन १२ घेतली होती. टर्मिनलमध्ये ‘पिप इन्स्टॉल पोलर्स’ लिहिल्यावर यंत्रानं साफ नकार दिला: हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं. तिच्या वर्गातल्या एकानं तिला एक युक्ती सांगून ठेवली होती. आज्ञेच्या शेवटी ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ असं जोडायचं, की नकार नाहीसा होतो.

“नाव वाच त्याचं,” मामा म्हणाले. “यंत्रणेची पॅकेजेस मोड, असं तू स्वतःच्या हातानं लिहितेयस.”

नकारामागचं कारण साधं आहे. लिनक्सची कितीतरी अंतर्गत कामं त्या यंत्रणेच्या पायथनवर चालतात. पिपनं तिथं एखादी लायब्ररी बदलली तर यंत्रणेचं एखादं हत्यार बंद पडू शकतं, आणि मग दोष कुठला हे शोधता शोधता दिवस जातो. पायथनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ‘व्हेन्व्ह’ आहे. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं वेगळं पायथन, स्वतःच्या वेगळ्या लायब्रऱ्या, आणि सगळं एका फोल्डरमध्ये. काही बिघडलं तर फोल्डर पुसायचा आणि पुन्हा करायचा. कच्ची लायब्ररी वापरणाऱ्याला याची गरज सर्वांत जास्त, कारण ती पुसायची वेळ त्याच्यावरच जास्त येते.

दुसरी सवय मामांनी लावली ती आज्ञेच्या शब्दांची. नुसतं ‘पिप’ म्हणायचं नाही, ‘पायथन वजा एम पिप’ म्हणायचं. एका यंत्रावर तीन-तीन पायथन असतात. पिप एकाचं आणि चालतंय दुसरंच, असं झालं की लायब्ररी बसल्याचं दिसतं आणि प्रोग्राम मात्र ती सापडत नाही म्हणतो. ज्युपिटर नोटबुक वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे भोगलेलं असतं. नोटबुकचा कर्नल जुन्याच पायथनला चिकटलेला असतो.

या वेळी पोलर्स काही सेकंदांत बसलं. ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे. रिची व्हिंक या डच अभियंत्यानं २०२० मध्ये ते सुरू केलं. वापरणाऱ्याला मात्र रस्टचा संकलक लागत नाही, कारण आधीच बांधून तयार केलेलं ‘व्हील’ उतरतं. सी किंवा फोरट्रानचा भाग असलेली लायब्ररी स्वतःच्या यंत्रावर बांधण्यात मामांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. “हे आमच्या वेळी असतं तर,” एवढंच ते म्हणाले.

आणि तरीही पहिली ओळ चालेना. पोलर्समध्ये ती वस्तूच नाही, अशी तक्रार येत होती. दोघं दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिले. मग मामांनी फोल्डरमधल्या फायली बघितल्या. भाचीनं आपल्या प्रयोगाच्या फाईललाच ‘पोलर्स डॉट पीवाय’ असं नाव दिलं होतं. पायथन लायब्ररी शोधताना आधी त्याच फोल्डरमध्ये पाहतं. त्याला तिचीच फाईल सापडत होती आणि ती स्वतःलाच बोलावत होती. नाव बदललं, चाललं.

पुढची ठेच मामांच्या बाजूची होती. तक्ता त्यांच्या ओळखीच्या पँडासमध्ये रूपांतरित करून बघू म्हटलं, तर पायॲरो ही लायब्ररी नाही असं उत्तर आलं. पोलर्स स्वतःबरोबर जवळजवळ काहीच आणत नाही. पँडासशी देवाणघेवाण, एक्सेल, आलेख यांसाठी लागणाऱ्या गोष्टी ज्यानं त्यानं मागून घ्यायच्या. मामांना हे अपुरं वाटलं. भाचीला यातच त्याचं बळ दिसलं.

“मागून कमी लटांबर, म्हणजे मोडायला कमी जागा.”

“आणि घुसायला कमी दारं,” मामांनी पुस्ती जोडली, आणि त्यांना आधीच्या डिसेंबरातली घटना आठवली. पायटॉर्च या प्रचंड वापरातल्या लायब्ररीची रोज रात्री बांधली जाणारी कच्ची आवृत्ती असते. तिला टॉर्चट्रायटन नावाचं एक पॅकेज लागायचं, ते पायटॉर्चच्या स्वतःच्या कोठारात होतं. कुणीतरी त्याच नावाचं दुसरं पॅकेज पायथनच्या सार्वजनिक कोठारात टाकलं आणि पिपनं तेच उचललं. २५ ते ३० डिसेंबर २०२२ या दिवसांत ज्यांनी लिनक्सवर पिपनं ती रात्रीची आवृत्ती बसवली, त्यांच्या यंत्रांवरची माहिती, अगदी गुप्त किल्ल्यांसकट, बाहेर जाऊ शकत होती. पायटॉर्चनं ते सगळं लगेच काढून टाकायला सांगितलं. “स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना काही झालं नाही,” मामा म्हणाले. “ताजं हवं म्हणणाऱ्यांनाच झालं.”

भाचीकडे यावर उत्तर नव्हतं, आणि तिनं ते शोधलंही नाही. तिनं पॅकेजचं नाव अक्षरन् अक्षर पुन्हा वाचलं. मग आवश्यक लायब्रऱ्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन बरोबरच्या खुणा करून नेमकी आवृत्ती लिहिली, तिन्ही आकड्यांसह. पोलर्सची नवी आवृत्ती तेव्हा काही दिवसांआड येत असे. तिसरा आकडा लिहून ठेवला नाही, तर पुढच्या महिन्यात तेच काम तसंच उभं करता येईल याची खात्री नव्हती.

मग मामांनी स्वतःची अट घातली. दहा ओळींचा एक तक्ता करायचा, ज्याची उत्तरं हातानं काढलेली आहेत. लायब्ररी कुठलीही असो, आधी हा तक्ता तिच्यातून काढायचा.

त्याची किंमत लगेच कळली. चौकटवार आकड्यांत जिथं नोंद नाही तिथं उणे ९९९ लिहिलेलं असतं. भाचीनं नेहमीप्रमाणे नमपाय या लायब्ररीत त्याचा ‘नॅन’ केला आणि तक्ता पोलर्समध्ये घेतला. सरासरी आली: नॅन. पँडास नॅनला ‘नोंद नाही’ असं समजतं आणि वगळतं. पोलर्समध्ये ‘नोंद नाही’ यासाठी ‘नल’ ही वेगळी खूण आहे. नॅन हे त्याच्या लेखी गणितातून निघालेलं एक मूल्यच, म्हणून सरासरीत ते धरलं जातं आणि सगळं उत्तर गिळून टाकतं. लायब्ररीत दोष नव्हता. तिचा अर्थ वेगळा होता, आणि तो बसवताना कुठंच दिसत नाही.

“नशीब, नॅन आलं,” मामा म्हणाले. “आकडा आला असता तर तू लिहून मोकळी झाली असतीस.”

*

पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर भाचीनं तीच यादी, तीच कृती केली. बसलं नीट, पण पहिल्याच ओळीला प्रोग्राम मेला. पायथनची नेहमीची लांबलचक चूक नाही, फक्त दोन शब्द: इल्लीगल इन्स्ट्रक्शन. पोलर्सचं तयार व्हील प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ ही सोय आहे असं धरून बांधलेलं होतं. इंटेलमध्ये ती २०१३ पासून आली. प्रयोगशाळेतली यंत्रं त्याआधीची. अशा यंत्रांसाठी तेव्हा ‘पोलर्स एलटीएस सीपीयू’ नावाचं वेगळं पॅकेज निघत असे, ते तिला संध्याकाळी सापडलं. मामांना फोनवर सांगताना ती विजयानं सांगत होती. मामांना त्यात दुसरंच दिसलं: ज्यांच्याकडे नवी यंत्रं नाहीत, त्यांचा दिवस गेला.

ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. महिनाअखेरीला पोलर्सची ०.१९ आली. ‘ग्रुपबाय’ या नावात दोन शब्दांमध्ये एक अंडरस्कोर आला; ‘अप्लाय’चं ‘मॅप एलिमेंट्स’ झालं. भाचीच्या प्रोग्रामात हे शब्द साठेक ठिकाणी होते. जुनी नावं लगेच मेली नाहीत, फक्त प्रत्येक वेळी पिवळी सूचना यायची. नावं बदलायला तिला एक दुपार लागली. “सूचना वाचली, बदललं,” तिनं कळवलं. मामांनी उत्तरात एक अंगठा पाठवला.

खरा प्रश्न आला डिसेंबरात, ०.२० बरोबर. तोपर्यंत तिचं काम चौकटींवरून पर्जन्यमापक केंद्रांवर आलं होतं. एका तक्त्यात केंद्रांची यादी, दुसऱ्यात रोजच्या नोंदी. केंद्राच्या क्रमांकावरून दोन्ही जोडायचे. तिनं सवयीप्रमाणे नव्या आवृत्तीसाठी दुसरं व्हेन्व्ह केलं आणि तोच प्रोग्राम दोन्हींत चालवला. दहा ओळींचा तक्ता दोन्हीकडे बरोबर. मोठ्या तक्त्यात मात्र नव्या आवृत्तीत १२० ओळी कमी. सूचना नाही, चूक नाही.

मामा हेच म्हणत होते. “नाव बदललं तर यंत्र ओरडतं. अर्थ बदलला तर गप्प राहतं. आता सांग, प्रबंधात कुठला आकडा छापणार?”

भाची दोन दिवस त्या १२० ओळींच्या मागे होती. केंद्रांच्या यादीत ३ केंद्रांचा क्रमांक कोरा होता. नोंदींमध्ये ४० ओळींचा क्रमांक कोरा होता. ०.१९ पर्यंत पोलर्स कोऱ्याला कोरा जुळतो असं समजून जोडत होतं: तीन गुणिले चाळीस. ०.२० पासून कोरा क्रमांक कशाशीच जुळत नाही. एसक्यूएलमध्ये पूर्वीपासून हाच नियम आहे. म्हणजे कमी झालेल्या १२० ओळी मुळात असायलाच नको होत्या. कुठल्या तरी केंद्राचा पाऊस दुसऱ्याच तीन केंद्रांच्या नावावर चढत होता, आणि जुनी आवृत्ती धरून बसली असती तर तो तसाच छापला गेला असता.

जानेवारीत ती पुन्हा साताऱ्याला आली, ती हे दाखवायलाच. मामांनी सगळं नीट ऐकलं. बदल योग्य होता हे मान्य केलं, पण तो न सांगता अंगावर आला हेही त्यांनी सोडलं नाही. भाची म्हणाली की सांगितलं होतं, आवृत्तीच्या टिपणात पहिल्या काही मुद्द्यांतच. तिनंच ते आधी वाचलं नव्हतं. तेव्हा कच्ची लायब्ररी वापरायची तर टिपण वाचणं हा कामाचाच भाग धरायला हवा, आणि तेवढा वेळ नसेल तर ती वापरू नये, इथपर्यंत दोघं एकत्र आले. त्यापुढे मामांचं मत होतं की असा वेळ फार थोड्यांकडे असतो. भाचीचं म्हणणं, हा वेळ पक्क्या लायब्ररीलाही द्यावाच लागतो, फक्त तिथं आपण तो देत नाही.

“पँडास काय करतं?” तिनं विचारलं.

“कशाचं?”

“कोऱ्या क्रमांकांचं.”

मामांनी दहा ओळींच्या तक्त्यात अकरावी आणि बारावी ओळ घातली, दोन्हींचा क्रमांक कोरा. दुसऱ्या तक्त्यातही तसंच केलं. पँडासमध्ये दोन्ही जोडले. कोऱ्याला कोरा जुळून आला. त्यांनी पँडासचा दस्तऐवज उघडला. हे तिथं लिहिलेलंच आहे, वेगळ्या चौकटीत, एसक्यूएलपेक्षा आमचं वागणं वेगळं आहे अशा इशाऱ्यासह. दहा वर्षं ते पान त्यांनी उघडलं नव्हतं.

थोडा वेळ ते तसेच बसले. मग त्यांनी त्या दोन संस्थांच्या कामाचा फोल्डर उघडला आणि ज्या ज्या फायलीत दोन तक्ते जोडले होते त्यांची यादी काढली. एकतीस निघाल्या.

भाचीनं खुर्ची जवळ ओढली. तिनं पोलर्सचं नाव काढलं नाही, मामांनीही काढलं नाही. कोऱ्या क्रमांकांच्या ओळी मोजणारा चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम मामांनी पँडासमध्येच लिहिला, आणि एकेक फाईल त्यातून काढायला सुरुवात केली. पहिल्या सहांत एकही निघाली नाही. सातवीत दोन होत्या.